विधी प्रथम वर्ष: ‘फी माफ’ म्हणजे नेमकं काय?

प्रवेशाच्या खिडकीवर पालक ‘फी माफ आहे ना?’ असं विचारतात आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. शासन निर्णयातला शब्द ‘प्रतिपूर्ती’ आहे. शुल्क लागतंच, फक्त त्यातला ठरावीक भाग सरकार नंतर भरून देतं. यंत्रमागावर किंवा विडीवर चालणाऱ्या सोलापुरी घराला हा ‘नंतर’च जड जातो.

ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाला मिळणाऱ्या शुल्क सवलतीची उत्पन्नमर्यादा कित्येक वर्षं १ लाख होती. २०१६मध्ये ती ६ लाख आणि पुढे ८ लाख झाली.

मर्यादा वाढली, तरी व्याख्या अरुंदच राहिली. ईबीसीला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा निम्मा भाग मिळतो. समजा, शिक्षण शुल्क २४,००० आणि विकास निधी, ग्रंथालय, अनामत वगैरे मिळून ६,००० आहे. प्रतिपूर्ती १२,००० होते, घराच्या खिशातून १८,००० जातात. परीक्षा शुल्काचा उरलेला निम्मा भाग, पुस्तकं आणि काळा कोट वेगळा. २०२४-२५पासून ८ लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना हे दोन्ही शुल्क पूर्ण मिळतं. पण वरचे ६,००० त्यांनाही चुकत नाहीत. ‘मुलींना शिक्षण मोफत’ ही घोषणा ऐकून आलेल्या आईला हा फरक अर्ज भरतानाच सांगायला हवा.

ईबीसीच्या लाभासाठी प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच लागतो. संस्थास्तरावरच्या जागेवर बसलेल्याला, घरची परिस्थिती कितीही बेताची असली तरी, तो मिळत नाही. ही अट मला अन्यायाची वाटते.

अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला निर्वाह भत्ताही मिळतो, त्यावर फ्रीशिप, म्हणजे फक्त शुल्क. २०२१च्या बदलानंतर केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातलं शुल्क त्याने महाविद्यालयात भरायचं असतं. तोवर घरी उधारी साचलेली असते, पैसे तिकडे वळतात. मग दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला जुनी थकबाकी आडवी येते. याला विद्यार्थ्याची बेफिकिरी म्हणणं चूक आहे. भत्ता आणि शुल्क एकाच खात्यात आलं की कोणता रुपया कशाचा, हे पासबुकात दिसत नाही.

अर्ज अडतात ते मात्र साध्या कारणांनी. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि विधीच्या फेऱ्या त्यानंतर चालतात, म्हणून नवा दाखला आधीच काढून ठेवावा. पदवीनंतर खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर लिहिलेल्या खाते क्रमांकावर विसंबू नये. रक्कम आधारशी शेवटचं जोडलेल्या खात्यात जाते, मग ते मोबाइलवर सहज उघडून विसरलेलं का असेना. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन जोडणी कोणत्या खात्याला आहे, ते पाहून घ्यावं.