निरीश्वर जीवनदृष्टी (बेळगाव सीमाभाग)

निरीश्वर जीवनदृष्टी : ईश्वर, परलोक, पुनर्जन्म आणि कर्मफल यांपैकी कशाचाही आधार न घेता जगण्याला अर्थ आहे आणि सुख याच जन्मी, याच माणसांत मिळते, ही धारणा व तिला धरून केलेले आचरण. प्रस्तुत नोंद बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, अथणी या सीमाभागातील मराठी भाषकांपुरती आहे. इथल्या बोलण्यात अशा माणसाला ‘देव न मानणारा’ म्हणतात. ‘नास्तिक’ हा शब्द बहुधा दुसऱ्याने लावलेला असतो आणि त्यात थोडा ठपका असतो.

संज्ञाविचार : ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०) या पाणिनिसूत्राने आस्तिक व नास्तिक हे शब्द सिद्ध होतात, पण काय आहे आणि काय नाही, हे सूत्र सांगत नाही. काशिकावृत्ती या पाणिनीवरील टीकेने तिथे ‘परलोक’ शब्द पुरवला. मनुस्मृतीत (२.११) वेदाची निंदा करणारा तो नास्तिक ठरतो. ‘ईश्वर न मानणारा’ हा आज सर्वतोमुखी असलेला अर्थ त्यामानाने उशिरा रूढ झालेला दिसतो. या कसोट्या एकमेकींशी जुळत नाहीत. सांख्य आणि पूर्वमीमांसक जगत्कर्ता ईश्वर न मानताही वेदप्रामाण्यामुळे आस्तिक गणले गेले. जैन परलोक व कर्म मानतात म्हणून काशिकेच्या अर्थाने आस्तिक, वेद मानत नाहीत म्हणून मनूच्या अर्थाने नास्तिक. सीमाभागात हा निव्वळ शब्दच्छल नाही. चिकोडी-निपाणी पट्ट्यात जैन शेतकरी मोठ्या संख्येने आहेत आणि बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्ट राजवटीत १२०४ च्या सुमारास उभी राहिली. जग कोणी घडवले नाही, हे म्हणणे या मुलखात आठशे वर्षांपूर्वीही परके नव्हते. जैन मत मोक्षाकडे पाहणारे आहे, त्यामुळे ते या नोंदीच्या विषयात मोडत नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

चार्वाकाचा श्लोक : देव न मानणाऱ्याला गावात आजही ऐकावा लागणारा टोमणा म्हणजे ‘ऋण काढून तूप प्या’. त्याचा उगम चार्वाकाच्या नावावरील श्लोकात आहे आणि तो श्लोक मुळात तसा होता काय, याविषयी वाद आहे. प्रचलित पाठ चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहाच्या पहिल्या प्रकरणाच्या शेवटी येतो : ‘यावज्जीवेत् सुखं जीवेदृणं कृत्वा घृतं पिबेत्’. त्याच प्रकरणाच्या आरंभी मात्र निराळा पाठ आहे : ‘यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः’, म्हणजे जिवंत आहात तोवर सुखाने जगा, मृत्यूच्या आवाक्याबाहेर काहीच नाही. जयंतभट्टाच्या न्यायमंजरीत, म्हणजे नवव्या शतकाच्या सुमारास, हाच दुसरा पाठ मिळतो. एकाच ग्रंथकाराने एकाच प्रकरणात दोन पाठ का द्यावेत, याची उत्तरे निरनिराळी दिली जातात. ग्रंथाचे कर्तृत्वही निर्विवाद नाही. परंपरा ते माधवाचार्यांकडे देते, तर काही संशोधक चेन्निभट्टाकडे. ‘ऋण’ आणि ‘तूप’ ही भर विरोधकांच्या विनोदातून आली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. कारण या श्लोकाच्या जुन्या उताऱ्यांत मृत्यूचा उल्लेख आहे, खाण्यापिण्याचा नाही. जयराशिभट्टाच्या तत्त्वोपप्लवसिंह या ग्रंथाचे हस्तलिखित गुजरातमधील पाटण येथे १९२६ मध्ये सापडले व १९४० मध्ये बडोद्याहून छापले गेले. तोवर या वळणाचा एकही सलग ग्रंथ अभ्यासकांच्या हाती नव्हता आणि चार्वाक बव्हंशी प्रतिपक्षाच्या तोंडूनच ऐकावा लागत होता. त्यातही जयराशीला चार्वाक म्हणावे की केवळ संशयवादी, यावर एकमत नाही. ‘ऋण’ आणि ‘तूप’ या दोन शब्दांच्या फरकाने पिढ्यान्‌पिढ्यांचे नुकसान केले आहे. मरण पक्के आहे म्हणून आयुष्य नीट जगा, हा गंभीर विचार खादाडपणाची सबब म्हणून ऐकला गेला.

आधुनिक प्रवाह : बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने पुण्या-कोल्हापूरकडचे विचार इकडे सहज येत. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांनी १८८८ पासून ‘सुधारक’मधून नीतीला ईश्वराच्या धाकाची गरज नाही, अशी मांडणी केली. त्यांना अज्ञेयवादी म्हणणे अधिक बरोबर. सत्यशोधक समाज (१८७३) या यादीत सरसकट घातला जातो, ते योग्य नाही. जोतीराव फुले निर्मीक, म्हणजे जगाचा निर्माता, मानत होते. मात्र भटजीवाचून लग्न लागते, हे समाजाने दाखवून दिले आणि कोल्हापूर संस्थानातून ही प्रथा निपाणीकडे उतरली असावी. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली १९२५ मध्ये निपाणीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद झाली. १९५६ च्या धर्मांतरानंतर ईश्वर नसलेला धम्म हा पर्याय इथल्या दलित वस्त्यांत आला. मानवेंद्रनाथ रॉय यांचा नवमानवतावाद तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे मराठीत पोचला. त्याचा वाचक प्रामुख्याने शिक्षक व वकील. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती (१९८९) ही देवाधर्माबाबत तटस्थ राहून अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारी संघटना आहे, तिला निरीश्वरवादी म्हणू नये. कन्नड बाजूने ‘कायकवे कैलास’ हे वचन येते. ते बसवण्णांचे म्हणून प्रसिद्ध असले, तरी आयदक्की मारय्याच्या वचनाशी त्याचा संबंध जोडणे अधिक बरोबर दिसते. वचन शिवभक्ताचे आहे. परंतु काम हेच स्वर्ग, हा त्याचा अर्थ देव न मानणारे शेतकरी आणि विणकरही आपला म्हणून वापरतात.

आचार : इथल्या निरीश्वर माणसाचा खरा पेच युक्तिवादाचा नसून भावकीचा असतो. वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेआधी काही आठवडे वार पाळणूक, म्हणजे ठरलेल्या वारी शेतकाम बंद, असते. त्या दिवशी शेतात औत जात नाही. देव न मानणाराही त्या दिवशी बैल जुंपत नाही. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याचे मन मोडायचे नाही, एवढेच त्याचे कारण. याला दुटप्पीपणा म्हणणारे आहेत. प्रस्तुत नोंदकाराला त्यात दुटप्पीपणा दिसत नाही, कारण उद्या पेरणीला बैलजोडी त्याच शेजाऱ्याकडून यायची असते.

जगण्याला अर्थ देणाऱ्या गोष्टी इथे ठोस आणि गावच्या आहेत. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमानी या खेड्यांत भरणारी मराठी साहित्य संमेलने गावकरी वर्गणी काढून चालवतात. ग्रंथदिंडीत डोक्यावर तुळस असते आणि पालखीत पुस्तके. श्रद्धावान आणि अश्रद्ध तिच्यामागून एकाच टाळावर चालतात. सीमालढा हाही कित्येकांचा आयुष्यभराचा आधार झाला. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि १ नोव्हेंबरचा काळा दिन चुकवायचा नाही, असे ठरवून म्हातारी झालेली माणसे गावोगावी आहेत. भाषेवरची निष्ठा श्रद्धेची जागा घेते काय, हा प्रश्न रास्त आहे. तिच्यात श्रद्धेसारखा त्याग असतो. परलोकाचे आश्वासन नसते.

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराशी निगडित देवदासी प्रथेविरुद्ध, विशेषतः कर्नाटकातील १९८२ च्या कायद्यानंतर, निपाणी व गडहिंग्लज भागात काम झाले. देवाला सोडलेल्या स्त्रीला विडी कामगारांच्या संघटनेत, स्वतःच्या मजुरीत आणि मुलांच्या शाळेत जे मिळाले, ते या नोंदीच्या विषयाचे सर्वांत बळकट उदाहरण मानावे लागेल. मानव बंधुत्व वेदिके ही संघटना ६ डिसेंबरला बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत कार्यक्रम घेते. कर्नाटकातील राजकीय नेते सतीश जारकीहोळी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या उपक्रमात लोक तिथेच जेवतात.

अभ्यास : धार्मिक माणसे अधिक समाधानी असतात, असे अनेक पाहण्यांत दिसते. अमेरिकेतील लिम व पटनम यांच्या २०१० च्या अभ्यासानुसार त्याचे मुख्य कारण प्रार्थनास्थळी जमणारी मैत्री आहे. तिथे ज्याचे कोणी मित्र नाहीत, त्याला हा लाभ फारसा दिसला नाही. डीनर व सहकाऱ्यांच्या २०११ च्या पाहणीत जिथे जगणे कठीण, तिथे धार्मिकता आणि समाधान यांचे नाते घट्ट आढळले. जिथे परिस्थिती बरी, तिथे फरक जवळजवळ उरला नाही. ऊस आणि तंबाखूच्या भावावर वर्ष ठरणाऱ्या भागाला दोन्ही निष्कर्ष लागू पडण्यासारखे आहेत.

कायदा व धोका : २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३३ हजार लोकांनीच आपण निरीश्वरवादी असल्याचे नोंदवले. प्रत्यक्षात ही संख्या कितीतरी मोठी असणार, कारण धर्माच्या रकान्यातली माहिती बहुधा घरातला कर्ता सांगतो. कोणालाही धर्म सांगण्याची सक्ती करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मात्र राज्यसीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीतच संपते. नरेंद्र दाभोलकर (पुणे, २०१३), गोविंद पानसरे (कोल्हापूर, फेब्रुवारी २०१५) आणि एम. एम. कलबुर्गी (धारवाड, ऑगस्ट २०१५) यांच्या हत्यांनी सीमाभाग दोन्ही बाजूंनी हादरला. तिघांची मते एकसारखी नव्हती. त्यानंतर काही घरांत मुलांना ‘बाहेर बोलू नकोस’ असे सांगितले जाऊ लागले. अमानुष प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ चा आहे; कर्नाटकाचा २०१७ चा असून तो २०२० पासून अंमलात आला.

मृत्यूविषयक आचार : घरातले माणूस गेल्यावर अश्रद्ध घराची खरी परीक्षा होते. मातीला भावकी येतेच. तिसऱ्या दिवशी राख सावडायला आलेली माणसे कावळा शिवण्याची वाट पाहत उभी राहतात, आणि घरच्यांनी पिंड ठेवलेलाच नसतो. अशा वेळी राख नदीत न सोडता स्वतःच्या शेतात पसरून त्यावर आंब्याचे किंवा फणसाचे रोप लावतात. जमलेल्यांतला एखादा वडीलधारा गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलतो आणि सगळे घरी येऊन चहा घेतात. बाराव्याला जेवण घालायचे की तो खर्च शाळेला द्यायचा, यावर भांडणे होतात; बहुतेक घरांत दोन्ही करून वाद मिटतो. नेत्रदानाची पद्धत श्रद्धावान घरांतही पोचली आहे. डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, त्यामुळे पंखा बंद करून पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा, आणि मातीची वेळ ठरवण्याआधी नेत्रपेढीला फोन लावायचा.