गल्लीतल्या सुशीवाल्याची कुळकथा

दारावर कापडी पडदा, आत लाकडी फळीपाशी आठ-दहा खुर्च्या, फळीपलीकडे सुशी वळणारा मालक आणि चहापाणी-हिशेब बघणारी त्याची बायको. जपानच्या जुन्या वस्त्यांमधलं असं दुकान पाहिलं की हे शतकानुशतकं असंच चालत आलं असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचं आजचं रूप दुसऱ्या महायुद्धानंतर घडलं, आणि त्यात परंपरेइतकाच रेशनिंगचा हात आहे.

सुशीचं मूळ अर्थातच फार जुनं. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचा, आणि खाताना भात टाकून द्यायचा. बिवा सरोवराच्या काठी फुनाझुशी आजही अशीच करतात. (वास सुक्या बोंबलाशी परिचय असलेल्यांनाही विचारात पाडेल असा.) पुढे आंबवण्याऐवजी भातात व्हिनेगर घालायची पद्धत आली आणि महिन्यांचं काम तासांवर आलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताचा गोळा हातावर वळून वर माशाचा तुकडा ठेवायची निगिरी रूढ झाली. तिचं श्रेय एदोतल्याच र्योगोकू भागातल्या हानाया योहेई याला देतात. भाताला लागणारं व्हिनेगर हांडा गावातून जहाजानं येई. तिथल्या नाकानो माताझाएमोननं १८०४ साली साके या तांदळाच्या दारूच्या चोथ्यापासून स्वस्त, तांबूस व्हिनेगर काढायचा धंदा सुरू केला होता.

ही निगिरी रस्त्यावरची. वडापावच्या गाडीसारखं उभ्याउभ्या दोन-तीन तुकडे तोंडात टाकायचे आणि कामाला लागायचं. एकेक तुकडा आजच्यापेक्षा बराच मोठा असे. बर्फ नसल्यानं मासा क्वचितच नुसता कच्चा दिला जाई. कोहादा हा छोटा मासा मीठ-व्हिनेगरात मुरवलेला, कोळंबी उकडलेली, ट्यूना सोया सॉसमध्ये बुडवून ठेवलेला. ट्यूनाचा चरबीदार भाग तर कोणी विचारत नसे; आज त्याचेच जास्त पैसे पडतात. सॉसचं भांडं सगळ्यांत एकच. जाताना गिऱ्हाईक पडद्यालाच बोटं पुसत, त्यामुळे ज्याचा पडदा मळका तिथे गर्दी जास्त, असं समजत, असं सांगतात. सुशीच्या दुकानातले भलेमोठे चहाचे पेलेही या गाड्यांकडूनच आले म्हणे: एकटा माणूस सुशी वळणार की चहा ओतत बसणार?

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात टोकियो जळालं. कामाला मुकलेले बरेच सुशी कारागीर आपापल्या गावी परतले आणि त्यांच्यासोबत निगिरी बाहेर पडली. तरी ओसाकाकडे साच्यात दाबलेल्या सुशीचंच राज्य होतं. निगिरी देशभर पसरली ती युद्ध हरल्यावर.

१९४७ साली अन्नटंचाईमुळे सरकारनं खाणावळी आणि हॉटेलांवर बंदी घातली. टोकियोच्या सुशीवाल्यांच्या संघटनेनं यातून झकास पळवाट काढली. आम्ही जेवण विकतच नाही, म्हणाले. गिऱ्हाईक स्वतःचा तांदूळ आणतं, आम्ही फक्त मजुरी घेऊन त्याची सुशी करून देतो. गिरणीवाला दळण दळून देतो, तोच न्याय. एक गो तांदूळ, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, द्यायचा आणि दहा निगिरी घ्यायच्या, असा दर ठरला. परवानगी मिळाली, इतर प्रांतांनी तोच कित्ता गिरवला, आणि निगिरीच्या आकाराचा व एका माणसाच्या वाट्याचा जो हिशेब तेव्हा बसला तो अजून फारसा हललेला नाही. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत आवडते. घरचा तांदूळ ज्याच्या हाती सोपवायचा, तो माणूस ओळखीचाच लागतो.

पुढे रस्त्यावरच्या गाड्या स्वच्छतेच्या नियमांमुळे हटल्या, फळीवर काचेची थंड पेटी आली आणि दुकान वस्तीत स्थिरावलं. भरभराटीच्या दशकांत त्याचा मोठा आधार घरपोच सुशीचा होता. पाहुणे आले, कुणाचं दिवसकार्य असलं, की फोन करायचा. पोऱ्या सायकलवरून लाखेच्या गोल परातीत सुशी आणून देई. रिकामी परात विसळून दाराबाहेर ठेवायची, तो नंतर घेऊन जाई.

एक गोष्ट मात्र नवख्याला बिचकवायची: भाव लिहिलेले नसत. बाजारात मासा जसा पडला तसा दर. ओळखीच्या माणसाला मालक सांभाळून घेई, अनोळखी माणूस पडद्याबाहेरच खिसा चाचपत उभा. हीच फट हेरून शिराइशी योशिआकीनं १९५८ साली ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरचं सुशीचं दुकान काढलं. कल्पना बिअरच्या कारखान्यातला पट्टा पाहून सुचलेली. १९७० च्या ओसाकातल्या जागतिक प्रदर्शनात लाखोंनी पट्ट्यावरची सुशी पाहिली, आणि त्यानंतरच्या दशकांत मोठ्या साखळ्यांनी शंभर येनला बशी देऊन बाजार काबीज केला. घरपोच सुशीचाही बराच वाटा सुपरमार्केटच्या तयार डब्यांनी खाल्ला.

गल्लीतल्या दुकानाकडे उरलं ते पट्ट्याला न जमणारं. भाताचा गोळा आजोबांसाठी लहान करायचा, कुणाला झणझणीत हिरवी वासाबी चालत नाही ते लक्षात ठेवायचं, गिऱ्हाईक डावखुरं दिसलं तर तुकडा त्या बाजूला तिरका ठेवायचा. यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. समोर हातभर अंतरावर बसलेला माणूस दिसतोच. खर्चाचंही गणित आहे: जागा स्वतःची, वर घर, खाली दुकान, कामाला नवरा-बायको, त्यामुळे थोड्या गिऱ्हाइकांवरही भागतं. अडतं ते पुढच्या पिढीपाशी. पहाटे उठून मासळी आणायची आणि रात्री उशिरापर्यंत उभं राहायचं, हे मुलांना नको असतं; मग मालकाचे गुडघे साथ देतील तोवरच दुकान चालतं.