निळ्या गोल पेशींना नाव कसं मिळत गेलं

मुलाच्या गाठीत बारीक सुई घालून पेशी ओढल्या, स्लाइड रंगवली, आणि समोर नुसत्या लहान, गोल, गर्द निळ्या पेशी. केंद्रकाभोवती पेशीरस जेमतेम. हा कर्करोग बहुधा हाडात होणारा युइंग सार्कोमा असेल, कोवळ्या चेतापेशींचा न्यूरोब्लास्टोमा, स्नायूंचा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, मूत्रपिंडातला विल्म्स ट्यूमर, नाहीतर लसिकापेशींचा लिम्फोमा. प्रत्येकाची औषधं वेगळी, म्हणून 'स्मॉल राउंड सेल ट्यूमर' (लहान गोल पेशींची गाठ) एवढ्यावर रिपोर्ट थांबला तर मुलाच्या उपचाराचं काम अडतं.

यातल्या काही गाठींची ओळख जुनी आहे. बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी 1910 मध्ये न्यूरोब्लास्टोमातली पेशींची कडी दाखवली: मध्ये बारीक तंतूंचं जाळं, भोवती पेशी. ती कडी स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या पेशींच्या थरात, दिसली की आजही हायसं वाटतं. न्यूयॉर्कच्या जेम्स युइंग यांनी 1921 मध्ये हाडातली वेगळी गाठ वर्णिली. ती रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येते हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही, पण ती किरणोपचाराला दाद देते हे त्यांनी बरोबर टिपलं होतं.

त्याच शहरातल्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी 1930 मध्ये सुईने गाठींतल्या पेशी काढण्याची पद्धत मांडली, आणि वर्षभरात ती हाडांच्या गाठींसाठीही वापरली गेली. त्यांची सुई 18 गेजची, म्हणजे चांगलीच जाड. अमेरिकेत ही पद्धत फारशी पसरली नाही. तिला खरं बळ मिळालं ते पुढे स्वीडनमध्ये. स्टॉकहोमच्या सिक्स्टन फ्रान्झेन यांच्यासारख्या डॉक्टरांनी बारीक सुई घेतली आणि हवेत वाळवलेल्या स्लाइडला रक्ततपासणीचाच गिम्सा रंग दिला. लिम्फोमात पेशीरसाचे निळसर कण विखुरलेले दिसतात, ग्लायकोजेन असलेल्या गाठींत पार्श्वभूमीवर वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी उमटते. हे टिपायला गिम्साच हवा.

तरी अंदाजाला मर्यादा होतीच. 1983 मध्ये दोन फ्रेंच गटांनी युइंग सार्कोमात 11 आणि 22 या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले दाखवले. 1992 मध्ये त्यातून जोडली जाणारी जनुकं सापडली, त्यातलं एक ईडब्ल्यूएसआर1. ज्यांना तोवर वेगळे आजार मानत होते त्या छातीच्या भिंतीतल्या आणि मऊ ऊतींतल्या काही गाठींतही हाच बदल निघाला, आणि त्या सगळ्या एका कुटुंबात आल्या. पेशीच्या आवरणावरचं सीडी99 हे प्रथिन शोधणारी प्रतिपिंडाची चाचणीही याच सुमारास आली. ती लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही पॉझिटिव्ह येते, त्यामुळे एकट्या तिच्यावर विसंबू नये.

इथे सायटोलॉजीला, म्हणजे सुट्या पेशी तपासण्याच्या शास्त्राला, एक मोठा फायदा आहे. बायोप्सीच्या कापात केंद्रकं अर्धवट चिरली जातात, स्मिअरवर ती अखंड राहतात, म्हणून जनुक तुटल्याचं फिश चाचणीत (जनुकांना चमकणारे रंग जोडून पाहण्याची चाचणी) स्वच्छ दिसतं. मात्र नमुना पुरेसा हवा, आणि सुई घालतानाच एक जादा खेप सेल ब्लॉकसाठी (पेशी मेणात बसवून कापता येईल असा केलेला तुकडा) राखून ठेवावी असा माझा आग्रह आहे. कारण अशाच गोल पेशींच्या, पण तंतुमय ऊती असलेल्या डेस्मोप्लास्टिक गाठीतही तेच ईडब्ल्यूएसआर1 जनुक तुटलेलं असतं, आणि त्याचा जोडीदार कोण हे पाहिल्याशिवाय उलगडा होत नाही. 2020 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात, पूर्वी 'युइंगसारखे' म्हणून सोडून दिले जाणारे सीआयसी आणि बीसीओआर या जनुकांतल्या बदलांचे सार्कोमा स्वतंत्र नावांनी आले. त्यातला सीआयसीचा आजार युइंगच्या औषधांना तितकी दाद देत नाही.