कॅलेंडरवरच्या फुल्या

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेले असायचे. त्याच चौकोनांत आई आणखी दोन खुणा करायची. पाळी आली की बारीक गोल, अर्धशिशी उठली की फुली. फुलीच्या दिवशी ती पडदे ओढून, कपाळाला रुमाल घट्ट बांधून पडून राहायची; कुकरची शिट्टीसुद्धा तिला सोसायची नाही. येणारे-जाणारे कारणं सांगायचे: ऊन लागलं, उपास घडला, जागरण झालं. ती कारणं काही खोटी नव्हती. पण एका डिसेंबरात कॅलेंडर उतरवताना तिने सगळी पानं उलटून पाहिली, तर बहुतेक फुल्या गोलाला खेटून, एक-दोन दिवस अलीकडे नाहीतर पलीकडे. "माझं डोकं पाळीमुळेच दुखतं," ती म्हणाली. घरात कुणी ते मनावर घेतलं नाही. मीही नाही, याचं आज वाईट वाटतं, कारण तिचं निरीक्षण अचूक होतं.

ऑस्ट्रेलियातले मेंदूविकारतज्ज्ञ ब्रायन सॉमरव्हिल यांनी १९७०च्या सुमारास नेमका हाच प्रश्न हाती घेतला. पाळी येण्याआधी शरीरातली दोन संप्रेरकं एकदम उतरतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. मग डोकं कोणामुळे उठतं? दर पाळीला अर्धशिशी होणाऱ्या स्त्रियांना त्यांनी आधी प्रोजेस्टेरॉन देऊन पाहिलं. पाळी लांबली, पण बहुतेकींचं डोकं ठरल्या वेळी दुखलंच. मग इस्ट्रोजेन दिलं. आता उलटं झालं. बहुतेकींना पाळी वेळेवर आली, अर्धशिशी मात्र थांबून राहिली आणि रक्तातलं इस्ट्रोजेन खाली आल्यावर, काही दिवसांनी उठली. १९७२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. इतका साधा प्रयोग आणि इतकं स्वच्छ उत्तर वैद्यकशास्त्रात क्वचित मिळतं. इस्ट्रोजेन कमी असणं हे दुखण्याचं कारण नव्हतं. बरेच दिवस चढं राहून ते घसरणं, हे होतं.

हे लक्षात आलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जुळतात. लहानपणी अर्धशिशीचं प्रमाण मुलामुलींत जवळपास सारखं असतं; वयात आल्यावर ते बायकांत पुरुषांच्या सुमारे तिप्पट होतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन चढतं आणि चढंच राहतं, तेव्हा अनेकींची अर्धशिशी चौथ्या महिन्यापासून जवळजवळ नाहीशी होते आणि बाळंतपणानंतर परत येते. माला-डीच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. काहींचं डोकं नेमकं त्या लोहाच्या आठवड्यात दुखतं. दोष लोहाचा नसतो, त्या दिवसांत संप्रेरकं मिळत नाहीत म्हणून ते दुखतं. (अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी, चमकत्या रेषा दिसत असतील तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. अशा स्त्रियांत पक्षाघाताचा धोका वाढतो. हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावं.)

पण संप्रेरकाचा दुखण्याशी संबंध येतो कुठे? याचा एक धागा मेंदूत सापडतो. आपला मेंदू स्वतःच अफूसारखी वेदनाशामक द्रव्यं तयार करतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात निरोगी तरुणींच्या जबड्याच्या स्नायूत खारट पाणी टोचून थोडा वेळ सहन होईल इतपत ठणका आणला गेला आणि त्याच वेळी मेंदूचं चित्रण केलं गेलं. प्रत्येकीची चाचणी दोनदा झाली: एकदा इस्ट्रोजेन कमी असताना, एकदा कातडीवर इस्ट्रोजेनच्या पट्ट्या लावून ते वाढवल्यावर. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की इस्ट्रोजेन चढं असताना मेंदूने वेदनाशामकांचा पुरवठा जोमाने केला. कमी असताना तो पुरवठा आटला आणि दुखणं जास्त जाणवलं. बाई तीच, सुई तीच, वेदना मात्र वेगळी. "हिला जरासुद्धा सहन होत नाही" असं ज्या बाईबद्दल बोललं जातं, तिला त्या दिवशी खरोखरच जास्त दुखत असतं.

औषधांचंही तसंच. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन लेव्हिन यांच्या गटाने अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना अफूवर्गातल्याच, पण मॉर्फिनहून वेगळ्या ग्राहकांवर (पेशींवरच्या, औषध जिथे चिकटतं त्या जागांवर) काम करणाऱ्या वेदनाशामकांची इंजेक्शनं दिली. बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आराम पडला, हे १९९६ मध्ये दिसलं. तीनच वर्षांनी त्याच गटाला आढळलं की त्यांतल्याच नाल्ब्युफीन या औषधाच्या छोट्या मात्रेने पुरुषांचं दुखणं उलट वाढलं. दाढ तीच, औषधही तेच.

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा हिशेब अजून नीट लागायचा आहे, पण उंदरांनी एक चक्रावणारी गोष्ट दाखवली. २०१५ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की नसेला इजा झाल्यावर नर उंदरात वेदना टिकवून धरतात मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या संरक्षक पेशी, तर मादीत ते काम बहुधा टी-पेशी या वेगळ्या प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी करतात. नरातला मार्ग टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असतो. म्हणजे दुखणं एकच दिसलं तरी त्याची यंत्रणा निराळी. आणि मोगिल यांनीच आधी दाखवून दिलं होतं की वेदनेवरच्या एका प्रमुख नियतकालिकातले दहा वर्षांतले ७९ टक्के प्राणिप्रयोग फक्त नरांवर झाले होते. मला हे वाचून राग आला होता, अजूनही येतो.

चाळिशी उलटल्यावर आईच्या फुल्या वाढल्या. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन वर-खाली हेलकावे खातं, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. पाळी गेली आणि वर्ष-दीड वर्षात फुल्या विरळ होत थांबल्या. आता माझ्या भाचीला तोच त्रास आहे. तिने तीन महिने तारखा लिहून डॉक्टरांकडे नेल्या. त्यांनी पाळीच्या दोन दिवस आधीपासून ठरावीक दिवस घ्यायचं औषध लिहून दिलं. तिचा गोल येत्या गुरुवारच्या आसपास आहे. मंगळवारी सकाळी पहिली गोळी.