वेन बेनेट खेळाडू होते की नुसते पोलीस?

ऑस्ट्रेलियाचे रग्बी प्रशिक्षक वेन बेनेट यांच्याबद्दल ‘ते मूळचे पोलीस, मोठं रग्बी स्वतः कधी खेळलेच नाहीत,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. पहिला अर्धा भाग खरा, दुसरा साफ चुकीचा.

१९५० साली क्वीन्सलंडमधल्या अलोरा या छोट्या गावात जन्मलेले बेनेट पोलिसाची नोकरी सांभाळून रग्बी लीग (तेरा जणांचा संघ असतो ते रग्बी) खेळत. विंगर (मैदानाच्या कडेने धावणारा) आणि फुलबॅक (सगळ्यात मागे उभा राहणारा) म्हणून ते क्वीन्सलंडकडून उतरले, १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघाबरोबर न्यूझीलंड दौऱ्यावर गेले, पुढे इंग्लंडात हडर्सफील्ड क्लबकडूनही खेळले. दिग्गज खेळाडू नव्हते, हे मान्य. पण मैदान न पाहिलेला माणूस म्हणणं हा अन्यायच.

पोलीस खात्यानंही त्यांना काही कमी दिलं नाही. मॅल मेनिंगा हा पुढचा महान खेळाडू त्यांना पोलीस अकादमीतच भेटला. १९८४ च्या ब्रिस्बेन शहराच्या स्पर्धेतल्या अंतिम सामन्यात बेनेट प्रशिक्षक असलेला सदर्न सबर्ब्स संघ विनम-मॅन्लीकडून ४२-८ असा चिरडला गेला होता. पुढच्याच वर्षी, मेनिंगा त्यांच्या संघात असताना, त्याच विनम-मॅन्लीला त्यांनी १०-८ ने हरवलं! १९८८ मध्ये ते ब्रिस्बेन ब्रॉन्कोज या नव्या क्लबचे पहिले प्रशिक्षक झाले आणि तिथे सहा विजेतेपदं मिळवली. सातवं २०१० मध्ये, सेंट जॉर्ज इलावारा या क्लबसोबत.