अर्धवट दाबलेलं वाह पेडल आणि मिक रॉन्सनचा टोन

परवा एका मित्राने विचारलं की मिक रॉन्सनसारखा टोन काढायचाय, साठच्या दशकातलं जर्मेनियम ट्रान्झिस्टरवालं फझ पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारं) एकजण विकतोय, घेऊ का? किंमत ऐकून म्हटलं थांब, आधी तुझं धूळ खात पडलेलं वाह पेडल बाहेर काढ, तेच, पायाने पुढेमागे केलं की गिटार "वाह-वाह" म्हणते ते.

रॉन्सन म्हणजे इंग्लंडमधल्या हल शहराचा, रॉक गायक डेव्हिड बोवीचा गिटारिस्ट. बोवीचा १९७२ चा झिगी स्टारडस्ट अल्बम ऐकलात तर कळेल, गिटार जाड आहे पण पसरट नाही, नाकातून गायल्यासारखी समोर येते. त्याचं सामान सगळ्यांना पाठ असतं: पुढचा काळा रंग खरवडलेली लेस पॉल कस्टम गिटार, टोन बेंडर फझ, २०० वॅटचा मार्शल मेजर अँप. पण खरी गंमत क्राय बेबी वाहमध्ये आहे, कारण तो ते बऱ्याचदा पायाने हलवायचाच नाही, मधेच एका जागी ठेवून द्यायचा.

वाह हे १९६६ साली थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेटच्या हातून जन्माला आलं. आत एक कॉइल (तारेचं वेटोळं) असते, साधारण अर्धा हेन्री, आणि एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग), ०.०१ मायक्रोफॅरड. शाळेतलं रेझोनन्सचं सूत्र लावा, उत्तर येतं २२५० हर्ट्झच्या आसपास. झोक्याला त्याच्याच लयीत धक्का दिला की तो उंच जातो, तसं या फ्रिक्वेन्सीजवळचा आवाज फुगतो आणि लांबचा दबतो.

मग पेडल दाबल्यावर फ्रिक्वेन्सी सरकते कशी? कॉइल तीच, कपॅसिटर तोच! हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्री झोप आली नाही. ट्रान्झिस्टर सिग्नल मोठा आणि उलटा करतो, त्यातला थोडा भाग (किती, ते पेडलखालचा पॉट, म्हणजे पेडलबरोबर फिरणारा बदलता रेझिस्टर, ठरवतो) कपॅसिटरच्या दुसऱ्या टोकाला परत दिला जातो, म्हणजे एक टोक वर जाताना दुसरं खाली ओढलं जातं, त्यामुळे कपॅसिटर जास्त करंट खेचतो आणि कॉइलला वाटतं की समोरचा कपॅसिटर कितीतरी मोठा आहे. चौपट मोठा भासला की फ्रिक्वेन्सी वर्गमुळाच्या हिशोबाने निम्मी, ११२५ हर्ट्झ. टाच दाबली की हा परत दिलेला भाग, म्हणजे फीडबॅक, वाढतो आणि फ्रिक्वेन्सी खाली जाते. पंजा दाबला की उलट.

आता गिटारची मोकळी ए तार ११० हर्ट्झ, तिचा दहावा हार्मोनिक (मूळ सुराच्या दहापट फ्रिक्वेन्सीचा सूर) ११००, म्हणजे पेडल तिथे ठेवलं की नेमका तोच वर येतो. माणसाच्या "आ" मध्येही ११०० च्या आसपास एक फुगवटा असतो, म्हणून गिटार बोलल्यासारखी वाटते. पण फुगवायला तिथे मुळात काहीतरी हवं ना, ते काम फझचं, ते लहरीचे शेंडे कापतं आणि वरचे हार्मोनिक्स भरभरून तयार होतात.

जर्मेनियमच्या "जादू"बद्दल स्पष्ट सांगतो. जर्मेनियमचे आणि सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर लहर वेगवेगळी कापतात, हे खरं, जर्मेनियम तापमानानेही बदलतं. पण जुन्या ब्रँडच्या कपॅसिटरमध्ये "आत्मा" असतो वगैरे सांगून हजारो रुपये काढणं ही अंधश्रद्धाच आहे. व्हॅल्यू मोजा, सारखी असेल तर या सर्किटमध्ये काम सारखंच करेल.

मित्राकडे करून बघितलं. ब्रिज पिकअप (तारांचं कंपन पकडणारा, ब्रिजजवळचा भाग), गिटारचा व्हॉल्यूम फुल, फझ चालू. वाहचा स्विच पंजाच्या टोकाखाली असतो म्हणून आधी पूर्ण दाबून ते चालू केलं, मग टाचेपर्यंत मागे आणलं आणि ए तार वाजवत मिलिमीटर मिलिमीटर पुढे. आधी घोंगडीखालून आल्यासारखा आवाज, मग एका जागी तार एकदम तोंड उघडून ओरडली! तिथेच पुठ्ठ्याची घडी खाली सरकवली आणि पेन्सिलने खूण केली. नंतर डी तारेवर गेलो तर तीच खूण थोडी बंद वाटली, केसभर पुढे न्यावं लागलं.