फॉर्मेशन वेगळं, अवकाश वेगळा

नागपुरात गॅदरिंगचे दिवस आले की मला नाचाच्या तालमी बघायला बोलावतात, आणि दर वर्षी एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘ताई, पूर्ण स्टेज वापरला ना आम्ही!’ म्हणजे आधी ‘व्ही’, मग दोन रांगा, मग गोल, शेवटी पिरॅमिड. ही झाली फॉर्मेशन्स. अवकाशाला अजून कुणी हात लावलेला नसतो.

फॉर्मेशन काय ते तुम्हाला ठाऊक आहे. लेझमीचा तर तो प्राणच, त्याच्याशी माझं भांडण नाही.

खरी गफलत पुढे आहे. कोण कुठे उभं, हे फॉर्मेशन सांगतं. अवकाश त्यांच्या मधे असतो. दोन मुलींना दोन फुटांवर समोरासमोर उभं करा आणि हात पुढे करायला सांगा. आता त्यांना बारा फुटांवर न्या आणि तेच करायला लावा. हालचाल तीच, पण आधी जिथे जवळीक दिसत होती तिथे आता ताटातूट दिसते. तिसरी मुलगी त्या बारा फुटांतून नुसती चालत गेली, तरी काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. तिने नाचाची एकही स्टेप केलेली नसते.

वाटेचंही तसंच. रंगमंच ४० फूट रुंद आणि ३० फूट खोल असेल, तर कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारा कर्ण ५० फुटांचा. मागच्या कोपऱ्यातून त्या वाटेने येणारी व्यक्ती प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर मोठी होत जाते. आपल्याकडे ही वाट आठ मात्रांत पळत उरकतात, कारण पुढची आकृती गाठायची असते. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. नाच त्या वाटेवरच होता.

आणि अवकाशासाठी धावावंच लागतं असंही नाही. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहम यांचं १९३० मधलं ‘लॅमेंटेशन’ हे एकल नृत्य बघा. ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत शिरलेली नर्तकी जवळजवळ पूर्ण वेळ बाकावर बसून असते. गुडघा, कोपर, डोकं आतून कापड ताणतात, आणि शरीराभोवतीची हवा आपल्याला कोनाकोनांनी दिसू लागते. पाऊल न उचलता हात-पाय पोचतील तेवढ्या या गोलाला हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी ‘कायनेस्फिअर’ म्हटलं.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांनी दुसऱ्या टोकाला जाऊन रंगमंचाचा मध्यच काढून टाकला. त्यांच्या लेखी प्रत्येक जागा सारख्याच मोलाची. त्यांच्या १९५८ च्या ‘समरस्पेस’ या नृत्यात चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी मागचा पडदा आणि पोशाख दोन्ही ठिपक्यांनी रंगवले. नर्तक थांबला की पडद्यात विरघळल्यासारखा वाटतो. सगळ्यात चांगल्या मुलीला मधोमध उभी करण्याची आपली सवय तिथे निरुपयोगी ठरते.

‘ताई, ती बाजू रिकामी दिसते’ म्हणून दोन मुलं तिथे नेऊन उभी करतात, तेव्हा मी त्यांना परत बोलावते. इथल्या देशपांडे सभागृहाएवढा रंगमंच मिळाला तर अर्धा मी मोकळाच ठेवीन. तालमीत गाणं बंद करा, एकीला मागच्या कोपऱ्यात पाठमोरी बसवा, बाकीचे विंगेत जा. मिनिटभर कुणी आत यायचं नाही. मग एकाने यायचं, आणि तिच्यापासून किती फुटांवर थांबायचं ते त्यानेच ठरवायचं.